दरवाजा नीट लागला का?

आमच्या मंडळाच्या गाडीत बायका बसल्या की गाडी सुरू करण्याआधी मी आता एकच प्रश्न विचारते, "दरवाजा नीट लागला का?" मागून "हो हो, लागला" असं उत्तर आलं तरी माझं समाधान होत नाही. मी खाली उतरते, मागे जाते, दरवाजाच्या कडेवरून बोट फिरवून पाहते आणि मगच स्टिअरिंगवर येऊन बसते. "ताईंना दरवाजाचं खूळ लागलंय," असं बायका आपापसांत म्हणतात. म्हणोत बापड्या. हे खूळ मला २०२४ च्या एप्रिलमध्ये लागलं. खरं तर ते सहा महिने आधीच लागायला हवं होतं.

गाडी म्हणजे मारुती ओम्नी. तुमच्यापैकी कितीतरी जणी तिच्यातून फिरल्या असतील. शाळेची व्हॅन म्हणून, वऱ्हाडाची गाडी म्हणून, नाहीतर रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारी शेजाऱ्यांची गाडी म्हणून. १९८४ मध्ये ती 'मारुती व्हॅन' या नावाने आली, पुढे तिची 'ओम्नी' झाली आणि २०१९ मध्ये कंपनीने ती बनवणं थांबवलं. आमची २००८ सालची. मंडळाने ती जुनीच विकत घेतली, बचत गटाच्या पैशातून आणि थोड्या देणगीतून. २०२३ च्या सुरुवातीला पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा आरटीओत नेऊन पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी करून आणली. तेव्हा गाडी ठणठणीत होती, दरवाजासकट.

वर्षभर ही गाडी जुन्नरच्या पश्चिमेकडच्या वाड्या-वस्त्यांवर फिरते. डोळ्यांचं शिबिर, रक्ततपासणी, कधी एखादी बाळंतीण. आणि ज्येष्ठ महिना आला की तिचं रूप पालटतं. मागचं बाक काढायचं, तिथे फळी टाकून गादी घालायची, पाण्याचे दोन कॅन, औषधांची पेटी, कपड्यांच्या पिशव्या टांगायला खिळे, खिडकीला जुन्या साडीचे पडदे. एक छोटा गॅस असतो, पण तो पेटवायचा गाडीबाहेर, मोकळ्यावर, हा आमचा कडक नियम. आमच्या भागातल्या दिंडीबरोबर ही गाडी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत जाते. ज्या आज्यांचे पाय दमतात, ज्यांना ताप भरतो, त्या रात्री तिच्यात झोपतात. माझा भाचा परदेशात असतो. तो म्हणतो, "मावशी, तिकडे याला कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि लोक लाखो रुपये मोजतात." आमच्याकडे तिला 'वारीची गाडी' म्हणतात.

तर २०२३ ची वारी करून आल्यावर डाव्या बाजूचा दरवाजा कुरकुरायला लागला. आधी नुसता आवाज. मग ओढताना मध्येच अडकायचा. मग लागेना. दोघींनी मिळून धाडकन आपटला की लागायचा. 'आपटा जोरात', हे मीच सांगायची पुढून. दिवाळीच्या सुमारास एका डेंटरकडे गाडी नेली. त्याने पाहिलं न पाहिलं केलं, रुळाच्या टोकाशी लोखंडाची एक पट्टी वेल्डिंग केली, सहाशे रुपये घेतले आणि म्हणाला, "आता निघणार नाही." निघाला नाही खरा, पण लागतही नव्हता. शेवटी कुणीतरी आतल्या हँडलला नायलॉनची दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक बाकाच्या पायाला. चढलं की बांधायची, उतरायचं की सोडायची. पाच-सहा महिने आम्ही असं चालवलं. एक-दोघींनी मला सांगितलंही, "ताई, दरवाजाचं बघा हो." मी "बघते, बघते" म्हणायची. घरातला गळका नळ जसा आपण बादली लावून चालवतो ना, तसंच.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. गाडी मीच चालवते. अडतिसाव्या वर्षी शिकले, त्याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे मी कायम पुढे बसते. माझा दरवाजा बिजागरीचा आहे, तो एका झटक्यात लागतो. मागच्या दरवाजाशी माझा संबंधच येत नव्हता. त्याला टेकून कोण बसतंय, दोरी कोण बांधतंय, हे मला आरशातही दिसत नव्हतं.

एप्रिलमधली दुपार. डोळ्यांच्या शिबिरातून सहा-सात जणींना घेऊन घाटघरच्या रस्त्याने परत सोडायला निघाले होते. एका आजीबरोबर तिची चार वर्षांची नात होती. आई-बाप नारायणगावकडे टोमॅटोच्या कामाला गेलेले, पोर कुणाकडे ठेवणार? चढ लागला, मी गिअर बदलला आणि मागे 'सर्र' असा आवाज झाला. पाठोपाठ बायकांचा एकच ओरडा. मी ब्रेक दाबला. वळून पाहते तर दरवाजा सताड उघडा, पोरीचा एक पाय बाहेर लोंबतोय आणि आजीने तिचा फ्रॉक मुठीत गच्च धरलाय. दोरी मधल्या थांब्यावर कुणीतरी सोडली होती, पुन्हा बांधताना गाठ नीट बसली नव्हती. कुणाची चूक म्हणायची? बांधणारीची? मला तसं म्हणायची लाज वाटली.

पोरीला खरचटलंसुद्धा नाही. तिची एक चप्पल तेवढी मागे रस्त्यावर पडली होती. ती आणायला मी चालत गेले आणि चप्पल उचलताना माझे हात लटलटा कापायला लागले. परत आले तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं आणि उरलेला रस्ता चालत जायचं म्हणून उतरून गेल्या. मी "आजी, बसा ना, मी धरते दरवाजा" म्हणाले. तर नुसतं मान हलवून "नको" म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात त्या वाडीवरून शिबिराला कुणीच आलं नाही. आजींच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली होती, त्याही आल्या नाहीत. मी घरी गेले. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. मग म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. तुमचं काम चांगलं हाय. पर त्या गाडीत आमी नाय बसायचो." यावर काय बोलणार? मी चहा पिऊन उठले.

तिथून परत आले ती थेट गॅरेजला. एका ठिकाणी सांगितलं, पूर्ण दरवाजाच बदला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "ताई, ही गाडी आता भंगारात घाला." तिसऱ्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "साहेब नाही आले का बरोबर?" साहेब, म्हणजे माझे यजमान, बँकेत गेले होते आणि त्यांना गाडीतलं पेट्रोल भरण्यापलीकडे काही कळत नाही. तिघांपैकी एकानेही वाकून खालचा रूळ पाहिला नव्हता. पावसाळा तोंडावर आला होता. २९ जूनला आळंदीहून माउलींची पालखी निघणार होती आणि तोपर्यंत काही झालं नाही तर गाडी न्यायची नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा कोपऱ्यातून आमच्या शटरवाल्या काकू बोलल्या. यांचं दुकानांच्या शटरचं काम. नवरा गेल्यापासून मुलाच्या बरोबरीने त्या स्वतः दुरुस्तीला जातात. एरवी बैठकीत तोंड उघडत नाहीत. म्हणाल्या, "सरकणारी वस्तू लागत नसली तर दोष दरवाजाचा नसतो, ताई. तो ज्याच्यावर सरकतो त्याचा असतो. मला एकदा बघू द्या." आणि आमच्या एका सभासदाची भाची नुकतीच आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून घरी बसलेली होती. घरी बसलेली म्हणजे काय, तर जिथे जाईल तिथे "मुलगी गॅरेजात कशी ठेवू?" असं ऐकून परत येत होती. तिला निरोप धाडला. रविवारी सकाळी आमच्या अंगणात गाडी उभी केली आणि आम्ही चौघी-पाच जणी पदर खोचून बसलो.

त्या मुलीने आम्हाला आधी दरवाजा समजावून सांगितला. ते मला इथे सांगायलाच हवं, कारण तुमच्या घरच्या नाहीतर मुलांच्या शाळेच्या व्हॅनला असाच दरवाजा असेल. हा दरवाजा बिजागरीवर नसतो, तीन रोलरवर लटकलेला असतो. एक वर, पुढच्या कोपऱ्यात. एक खाली, पायरीजवळ, तोही पुढच्याच बाजूला. आणि तिसरा दरवाजाच्या मागच्या कडेला, मधोमध. गाडीच्या बाहेरच्या अंगाला, मागच्या काचेखाली जी लांब खाच दिसते ना, तिच्यातून हा तिसरा धावतो. वरचा रोलर दरवाजाला नुसता कलू देत नाही. वजन पेलतात ते खालचा आणि मधला. हे तिन्ही रूळ पुढच्या टोकाला आत वळलेले असतात, म्हणून दरवाजा आधी पुढे सरकतो आणि शेवटी आत बसतो. बसला की मागच्या कडेचं लॉक गाडीच्या खांबावरच्या एका खुंटीला पकडतं. झालं, एवढंच यंत्र.

मधला रोलर झिजला की दरवाजाची मागची बाजू खाली येते. किती? जेमतेम बोटाच्या पेरभर, कधी त्याहून कमी. पण तेवढ्याने लॉक खुंटीच्या खाली आपटायला लागतं. आपण म्हणतो लागत नाही, अजून जोरात आपटा. जितकं आपटू तितका रोलर झिजतो, बोल्ट सैल होतात आणि दरवाजा आणखी खाली येतो. आणि दरवाजा उघडतो मागच्या दिशेला. म्हणजे गाडी चढाला लागली की तो आपल्याच वजनाने उघडायला बघतो. हे ऐकताना मला एप्रिलमधला चढ आठवला आणि मी उगाचच पाणी आणायला आत गेले.

काम सुरू झालं. बोल्ट सैल करण्याआधी त्या पोरीने नेलपॉलिश मागितलं. आम्ही हसलो. तिने प्रत्येक बोल्टभोवती नेलपॉलिशची रेघ मारली. बोल्टांची भोकं लांबट असतात, त्यात पट्टी पुढे-मागे, वर-खाली करता येते. आधी कुठे होती याची खूण नसली तर नंतर तासन्‌तास जुळवत बसावं लागतं. मग दरवाजाखाली जॅक, जॅकवर जेवणाचा पाट, पाटावर जुनी गोधडी. दरवाजा एकटीला पेलवणारा नाही, दोन्ही बाजूंनी दोघी धरूनच उभ्या होतो. मागच्या खाचेच्या टोकाचं झाकण काढलं आणि मधला रोलर सरकवत बाहेर घेतला.

तो हातात घेतला तेव्हा कुणीच काही बोललं नाही. रोलरवरचं नायलॉन एका बाजूने पार खाल्लेलं, आतलं बेअरिंग गंजून बसलेलं. फिरतच नव्हतं ते, कित्येक महिने नुसतं घासत होतं. डेंटरने मारलेली ती पट्टी रुळाच्या आत आली होती आणि दर खेपेला रोलर तिच्यावर चढून खाली पडत होता. काकूंनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "औषध म्हणून विष दिलंय."

खालच्या रुळातून काय काय निघालं ते ऐका. वाळलेला चिखल, बारीक खडे, हरभऱ्याची डाळ, दोन सेफ्टी पिना, लहान मुलीची क्लिप, एक रुपयाचं नाणं आणि तुळशीचे तीन मणी. वारीत कुणाची तरी माळ तुटली असणार. या सगळ्यावर कुणीतरी, बहुधा आमच्यापैकीच कुणीतरी, वेळोवेळी भरपूर ग्रीस थापलं होतं. आवाज येतोय ना, मग लावा ग्रीस. उघड्या रुळात जाड ग्रीस घातलं की धूळ त्याला चिकटते आणि त्याचा घोटीव कागद होतो. काकूंना हे शटरवरून माहीत होतं. आधी पुसायचं, मग घासायचं, मग पुन्हा पुसायचं आणि शेवटी बोटाला लागेल न लागेल इतकंच ग्रीस. रॉकेल हल्ली कुठे मिळतं? पाव लिटर डिझेल आणलं, दातांचे जुने ब्रश घेतले आणि दुपारपर्यंत तो रूळ घासला. जेवढी मेहनत त्या हातभर खाचेवर झाली तेवढी दिवाळीला अख्ख्या घरावर होत नसेल.

सगळं इतकं सरळ झालं असतं तर मी हा लेखच लिहिला नसता. खालच्या रोलरच्या पट्टीचा एक बोल्ट गंजून जाम झाला होता. त्या मुलीने तेल सोडून रात्रभर ठेवायला सांगितलं. मला धीर नव्हता. सगळ्या गेल्यावर संध्याकाळी मी एकटीने पाना लावला आणि जोर केला. कट्‌! बोल्टचं डोकं हातात, बाकीचा आत. सकाळी ती आली, पाहिलं आणि फक्त "काकू..." एवढंच म्हणाली. माझ्या वयाच्या बाईला यापेक्षा जास्त बोलणं तिच्या जिवावर आलं असावं. वेल्डिंगवाल्याला घरी बोलावलं, आतला तुकडा काढून आटे पुन्हा पाडून घेतले. डेंटरची पट्टीही त्याच खेपेत कापून, घासून साफ केली. चार दिवस आणि साडेपाचशे रुपये, माझ्या उतावीळपणाचे. ते मी मंडळाच्या खात्यात टाकले नाहीत.

रोलर आणायला पुण्याला गेले. गाडी बनायची थांबली तरी रस्त्यावर इतक्या ओम्नी आहेत की सुटे भाग मिळतात. वाकडेवाडीला एसटीतून उतरले आणि नाना पेठेत गेले. दुकानदाराने विचारलं, "डावा की उजवा?" आता आली का पंचाईत! मी मनात गाडी समोर उभी केली. तिच्याकडे तोंड करून बघितलं तर तो दरवाजा माझ्या उजव्या हाताला येतो. "उजवा," म्हणाले. घरी येऊन लावायला घेतला तर पट्टीचा बाक उलटा. मैत्रिणींनो, गाडीची डावी-उजवी नेहमी आत बसून, तोंड पुढे करून धरायची. समोर उभं राहून नाही. हे कळायला मला जुन्नर-पुणे-जुन्नर अशा दोन खेपा लागल्या. दुसऱ्या खेपेला मी शहाणपणाने जुना रोलरच कागदात गुंडाळून नेला. दुकानदाराने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "यावर किती दिवस चालवली?" मी सांगितलं नाही. मधला आणि खालचा, दोन्ही मिळून साडेआठशे रुपये. पूर्ण दरवाजा बदलायला मला अकरा हजार सांगितले होते.

नवे रोलर बसले, दरवाजा पाटावरून उचलला, ढकलला. लोण्यासारखा सरकला! आम्ही टाळ्या पिटल्या. आणि शेवटी, अगदी शेवटच्या वितीला, खट्‌ करून परत आला. लागेना. सहा महिने खाली आपटून आपटून खांबावरची खुंटीच जागची हलली होती. त्या मुलीने कुंकवाची डबी मागितली. पाण्यात थोडं कुंकू कालवून लॉकच्या तोंडाला लावलं, दरवाजा हलकेच टेकवला आणि उघडून दाखवला. खुंटीवर जिथे कुंकू लागलं होतं तिथे लॉक आपटत होतं. खुंटीचे स्क्रू सैल करून ती किंचित हलवायची, पुन्हा कुंकू, पुन्हा दरवाजा. पाचव्या खेपेला 'खट्‌' असा एकच आवाज आला. मग तिने दरवाजा आणि रबर यांच्या मध्ये कागद धरून दरवाजा लावला आणि चारही बाजूंनी कागद ओढून पाहिला. सगळीकडे सारखा घट्ट. जिथे कागद सहज निघेल तिथे फट आहे असं समजायचं. आतून उघडतो की नाही हेही तिने दहा वेळा पाहिलं. रात्री गाडीत झोपायचं तर ते लागण्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी गाडी रिकामीच घाटघरच्या रस्त्याला नेली. मी मुद्दाम मागे बसले, दरवाजाजवळ. चालवायला ती मुलगी. त्याच चढावर तिने गाडी थांबवली, पुन्हा सुरू केली, तीनदा. मी दरवाजावर तळहात टेकवून बसले होते. त्या जागेवरून रस्ता फार जवळ दिसतो हो. अगदी हाताच्या अंतरावर खडी पळत असते. इतक्या वर्षांत मी त्या जागी एकदाही बसले नव्हते.

वर गेलोच होतो तर वाडीवर गेलो. आजी ओट्यावर निवडत बसल्या होत्या. मी काही समजावायच्या भानगडीत पडले नाही, फक्त म्हणाले, "आजी, दरवाजा दुरुस्त केलाय. बघता का?" त्या उठल्या, सावकाश आल्या. पोर त्यांच्यामागे. आजींनी हँडल धरून दरवाजा उघडला, लावला. पुन्हा उघडला, लावला. मग आत चढून बसल्या, आतून लावला, आणि आतून खांद्याने चांगला दाबून पाहिला. त्यांच्या एका डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी दरवाजाची फट बोटांनी चाचपली, वरपासून खालपर्यंत. मी सध्या जी बोट फिरवून खात्री करते ना, ती त्यांची रीत आहे. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी केलं?" मी त्या मुलीकडे बोट दाखवलं. आजींनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हिनं व्हय? मंग येतो." मला उद्देशून काही नाही. ऑपरेशनला त्या गाडीतूनच आल्या, दरवाजाजवळच्या जागेवर स्वतः बसल्या आणि पोरीला मधे घेतलं. वाडीवरच्या दोघी अजूनही एसटीची वाट बघतात, आमच्या गाडीत चढत नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं.

२९ जूनला गाडी आळंदीत होती. त्या वर्षी रोज रात्री मुक्कामाला पोचलं की बाकीची कामं नंतर, आधी हातझाडूने खालचा रूळ झाडायचा, हे काम मी वाटून दिलं. तरडगावच्या मुक्कामी रात्री पाऊस आला. गाडीत तिघी आज्या झोपलेल्या, मी बाहेर ताडपत्रीखाली. मध्यरात्री केव्हातरी एक आजी उठल्या. मला जाग होती. दरवाजा सरकल्याचा आवाज आला नाही, फक्त गाडीतला दिवा लागलेला दिसला. आजी उतरल्या, पदर डोक्यावर घेऊन जाऊन आल्या, पुन्हा चढल्या आणि एका हाताने दरवाजा ओढून घेतला. आत झोपलेल्या दोघींपैकी एकीनेही कूस बदलली नाही.

ती मुलगी आता आळेफाट्याजवळ एका गॅरेजात कामाला आहे. ठेवून घेताना मालकाने विचारलं होतं म्हणे, काय काय येतं? तिने ओम्नीचा दरवाजा सांगितला. त्यांच्याकडे तसाच एक दरवाजा आठवडाभर पडून होता.

आमच्या गाडीचा उजव्या बाजूचा दरवाजा परवापासून किंचित खरखर करतोय. काकूंनी वाकून कान लावला आणि खालचा रोलर म्हणाल्या. अजून नीट लागतोय, कागद ओढून पाहिला. पण थांबायचं नाही ठरलंय. येत्या रविवारी सकाळी आठला, आमच्याच अंगणात. पाट आणि गोधडी माझी, नेलपॉलिश आणायला कुणालातरी सांगायचं आहे.